नक्कल कोणाची, निवड कोणाची? : क्लोन केलेली गाय आणि धाराशिवची काळी शेळी

१६ मार्च २०२३ रोजी हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत एक कालवड जन्मली. वजन ३२ किलो, वंश गीर, नाव 'गंगा'. क्लोनिंगने जन्मलेली ही देशातली पहिली गीर कालवड असल्याचे संस्थेने जाहीर केले. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, गोमातेचा विजय झाला, आता देशी गोवंश वाचला. दुसरा म्हणतो, ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे, पाप आहे.

आम्ही या दोन्ही सुरांत सूर मिसळणार नाही. देवाच्या नावाने विज्ञानाला विरोध करणे हे आमचे काम नाही. ज्या समाजाला देवाधर्माच्याच नावाने पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्या समाजाने तरी ते करू नये. आणि गोमातेच्या नावाने विज्ञानाला टाळ्या वाजवणे हेही आमचे काम नाही. आम्हाला तीन साधे प्रश्न विचारायचे आहेत. नक्कल कोणत्या जनावराची करायची हे कोण ठरवते? त्या प्रयोगाचा त्रास कोण सोसते? आणि शेवटी ते जनावर कोणाच्या दारात बांधले जाते?

आधी विज्ञान नीट समजून घेऊ, कारण न समजता केलेला विरोध आणि न समजता केलेली भक्ती यांत फारसा फरक नसतो.

नेहमीच्या जन्मात वासराला अर्धा वारसा आईकडून आणि अर्धा बापाकडून मिळतो. क्लोनिंगमध्ये तसे होत नाही. जे जनावर 'उत्तम' म्हणून निवडले आहे, त्याच्या कानाची किंवा शेपटीची एक साधी पेशी घेतात. दुसऱ्या मादीचे बीजांड घेऊन त्यातले केंद्रक काढून टाकतात. त्या रिकाम्या बीजांडाशी निवडलेल्या जनावराची पेशी जोडतात. विजेचा सौम्य धक्का किंवा रसायन देऊन त्याला वाढीला लावतात. आठवडाभर प्रयोगशाळेत वाढलेला भ्रूण मग तिसऱ्या मादीच्या गर्भाशयात सोडतात. वासरू जन्मते ते तिसरीच्या पोटी, पण केंद्रकातला सगळा वारसा पहिलीचा असतो.

गंगाच्या बाबतीत पेशी गीर गायीची होती, बीजांड साहिवाल गायीचे होते आणि नऊ महिने पोटात वाढवणारी गाय संकरित होती. ही माहिती खुद्द संस्थेनेच दिली आहे. आता यात आणखी एक गोष्ट आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचे स्वतःचे वेगळे डीएनए असते आणि ते बीजांडातून येते. म्हणजे 'शुद्ध गीर' म्हणून जिचे कौतुक झाले, तिच्या पेशीपेशीत साहिवालचा अंश आहे आणि तिला जन्म दिला तो संकरित गायीने.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केले. संकरित गाय या मातृत्वात बसत नाही. जिने पोटात वाढवले ती माता नाही, आणि जिची पेशी घेतली ती माता! शुद्धतेच्या राजकारणाचे हे हसे विज्ञानानेच केले आहे. राबणारी वेगळी, मिरवणारी वेगळी. ही रीत आपल्याला नवी नाही. गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच पाहिले आहे.

शुद्ध वंश, उत्तम बीज, श्रेष्ठ कूळ ही भाषा जनावरांपुरती कधीच राहत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात दाखवून दिले की जातीचा गाभा म्हणजे लादलेला अंतर्विवाह, म्हणजेच रक्ताची कुंपणे. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिताना, जातीमुळे वंश सुधारतो असे म्हणणाऱ्यांचा दावा त्यांनी विज्ञानाच्याच आधाराने खोडून काढला. त्या काळी जगभर वंशसुधारणेचे वारे वाहत होते आणि आपल्याकडच्या सनातन्यांना त्यात जातीचे समर्थन सापडले होते. आज तोच माल 'देशी गोवंश' या वेष्टनात येतो. गायीत शुद्ध आणि अशुद्ध पाहण्याची सवय लागलेला माणूस माणसातही तेच पाहतो. म्हणून गोठ्यातली ही भाषा आम्ही गोठ्यातच अडवू इच्छितो.

आता दुसरा प्रश्न, त्रास कोणाचा?

१९९६ साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली. तिच्यासाठी २७७ बीजांडांत पेशी जोडल्या गेल्या. त्यांतून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले गेले आणि एकच कोकरू हाती आले. डॉलीचे नाव जगाला माहीत आहे, त्या १३ मेंढ्यांची नावे कोणालाही माहीत नाहीत. आपल्या कर्नालमध्ये ६ फेब्रुवारी २००९ रोजी क्लोनिंगने म्हशीचे पहिले रेडकू जन्मले आणि ते आठवड्याच्या आत दगावले. जूनमध्ये 'गरिमा' जन्मली, ती २०११ साली, दोन वर्षांची झाल्यावर गेली. २०१० साली जन्मलेली 'गरिमा-२' मात्र मोठी झाली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिने नेहमीच्या पद्धतीने गाभण राहून 'महिमा' नावाच्या रेडीला जन्म दिला. हे यश खरे आहे आणि त्या शास्त्रज्ञांचे श्रेयही खरे आहे. ते आम्ही नाकारत नाही.

पण यशाचा फोटो छापला जातो, अपयशाची नोंद फाइलीत राहते. क्लोनिंगचे बहुतेक भ्रूण टिकत नाहीत. गाभ पडतात. काही वेळा गर्भ प्रमाणाबाहेर वाढतो, वार नीट बनत नाही, आणि विताना पाठची मादी आणि पोटातले पिल्लू दोघेही जीवावर बेततात. याचे कारण असे की कातडीच्या पेशीला पुन्हा पहिल्यापासून अख्खे शरीर घडवायला सांगायचे असते आणि तो उलटा प्रवास प्रत्येक पेशीला साधत नाही. ज्यांना साधतो ती जनावरे निरोगी जगू शकतात. डॉलीच्याच पेशींच्या वाणातून जन्मलेल्या चार मेंढ्या म्हातारपणीही धडधाकट असल्याचे ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००८ साली क्लोन केलेल्या गायीचे दूध आणि मांस खाण्यास सुरक्षित ठरवले. त्यामुळे 'क्लोनचे दूध प्यायल्याने रोग होतो' अशा अफवा कोणी पसरवत असेल तर आपण त्याला थारा देऊ नये. आमचा आक्षेप दुधावर नाही. आमचा आक्षेप न मोजलेल्या वेदनेवर आहे.

संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच कलमात प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हेही कर्तव्य सांगितले आहे. दोन्ही एकाच कलमात शेजारी-शेजारी आहेत, हे विसरू नका. आणि तिथे 'प्राणिमात्र' म्हटले आहे, 'गाय' म्हटलेले नाही. तथागतांच्या धम्मातली करुणाही एका जनावराला देवत्व देऊन बाकीच्यांना वाऱ्यावर सोडत नाही. गोभक्तांना खरोखर गायीची दया असेल तर त्यांनी पहिला हिशोब भ्रूण वाहणाऱ्या त्या निनावी संकरित गायींचा मागावा. तो मागताना आम्हाला अजून कोणी दिसलेले नाही.

आता तिसरा प्रश्न, लाभ कोणाचा?

क्लोनिंगच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुधाळ वंशाचा सिद्ध झालेला वळू म्हातारा होतो, मरतो, आणि त्याच्या वीर्यमात्रा संपतात. त्याचा क्लोन केला तर तोच वारसा पुन्हा हजारो मात्रांतून लहान शेतकऱ्यापर्यंत जाऊ शकतो. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने २०१५ साली मुऱ्हा जातीच्या नामांकित रेड्याचा क्लोन 'हिसार गौरव' जन्माला घातला तो याच हेतूने. हा उपयोग आम्हाला मान्य आहे. पण त्यालाही दोन अटी लागतात. एकाच नराचा वारसा सगळीकडे पसरला की कळपातली विविधता घटते, सगेसंबंधात प्रजनन वाढते आणि एक रोग सगळ्यांना सारखाच लागू पडतो. २०२२ साली लम्पीने महाराष्ट्रातल्या गोठ्यांत काय केले ते आपण पाहिले आहे. आणि दुसरी अट अशी की बीज कितीही उत्तम असले तरी दूध बीजातून निघत नाही, चाऱ्यातून आणि पाण्यातून निघते. ज्या जिल्ह्यात १९७२ पासून २०१५-१६ पर्यंत दुष्काळाने पुन्हा पुन्हा दावण रिकामी केली, तिथे आधी वैरण लागते, मग वंश.

जगात या तंत्राचा लाभ कोणाला मिळाला तेही पाहा. २०१६ साली अर्जेंटिनाचा पोलोपटू अडोल्फो कंबियासो याने आपल्या एकाच लाडक्या घोडीचे सहा क्लोन एका सामन्यात मैदानात उतरवले. अमेरिकेत श्रीमंतांचे मेलेले कुत्रे पुन्हा जन्माला घालण्याचा धंदा चालतो. बाजारावर सोडले तर हे तंत्र कोणत्या दारात जाऊन उभे राहते, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग आपल्या धाराशिव जिल्ह्याचे काय?

आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेले जनावर गाय नाही. ते आहे उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे नाव तेच राहिले. बहुतेक काळीकुळकुळीत, लांब कानांची, कमी पाण्यावर तगणारी, बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला खाऊन एका वेताला दोन-दोन करडे देणारी ही जात कोणत्या संस्थेने घडवली? कोणत्याही नाही. तिला घडवले ते भूमिहीन बाईने. महार, मांग, धनगर, मुसलमान, पारधी घरांतल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणती पाट ठेवायची आणि कोणता बोकड विकायचा हे रोज ठरवले. जी दोन करडे जगवते ती ठेवली, जी उन्हात बसकण मारते ती विकली. ही निवड म्हणजेच प्रजननशास्त्र आहे. फक्त तिला पदवी नाही.

या शेळीला सरकारी भाषणांत 'गरिबाची गाय' म्हणतात. आम्हाला हा शब्दच मान्य नाही. शेळीला मान मिळवायला गायीचे नाव का घ्यावे लागावे? मुलाची फी, आजारपण, लग्न, तुटलेली मजुरी, या प्रत्येक वेळी आठवडी बाजारात उभी राहते ती शेळी. गाय विकायला गेलो तर कायदा आडवा येतो. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. उच्च न्यायालयाने २०१६ साली ती बंदी कायम ठेवली. भाकड गाय आणि थकलेला बैल विकण्याची वाट बंद झाली आणि त्याचा बोजा पडला तो दोन एकरवाल्या शेतकऱ्यावर. एकीकडे गोऱ्हा मारायला बंदी, आणि दुसरीकडे गोऱ्हा जन्मूच नये, कालवडच व्हावी म्हणून खास वीर्यमात्रांना सरकारचेच अनुदान! मारायचा नाही पण जन्मूही द्यायचा नाही, ही कसली गोभक्ती? गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय झाला. शेळी राखणाऱ्या बाईच्या शेळीला किती?

आणि म्हैस? देशातल्या क्लोनिंगची सुरुवातच म्हशीपासून झाली, तरी म्हैस राज्यमाता झाली नाही. काळ्या जनावराच्या वाट्याला कष्ट आणि गोऱ्या जनावराच्या वाट्याला पूजा, हा भेद कांचा इलैया यांनी 'बफेलो नॅशनॅलिझम'मध्ये फार पूर्वीच चव्हाट्यावर आणला आहे.

काही जण कलम ४८ पुढे करतील. तर ते कलम नीट वाचा. शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक आणि वैज्ञानिक पद्धतीने उभारावे, जातींचे जतन आणि सुधारणा करावी, हे त्याचे पहिले म्हणणे आहे. गाय-वासरांच्या कत्तलबंदीचे म्हणणे त्यानंतर येते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकूरदास भार्गव यांनी आणलेली ही दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, ती मार्गदर्शक तत्त्वांत, मूलभूत हक्कांत नव्हे. त्याच चर्चेत झेड. एच. लारी यांनी सांगितले होते की कारण धार्मिक असेल तर ते तसे उघड म्हणा. पंचाहत्तर वर्षे उलटली, ते उघड म्हणणे अजून बाकी आहे. तोवर 'वैज्ञानिक' हा शब्द धर्माच्या पदराआड लपवला जातो.

आमच्या जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले होते. वतन म्हणजे काय होते? जन्माने ठरलेले काम. जनावर जिवंत असेपर्यंत पाटलाचे आणि मेल्यावर ओढायला महाराचे. दूध त्यांचे, मढे आमचे. मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ सालीच महाडला सांगितले होते. जन्मावरून किंमत ठरवणाऱ्या त्या व्यवस्थेतून आम्ही बाहेर पडलो. आता कोणी जनावरांच्या निमित्ताने 'उत्तम वंश कोणता' हे ठरवण्याचा मक्ता पुन्हा मूठभरांच्या हाती देणार असेल, तर तिथे आमचा माणूस बसलेला पाहिजे. मढे ओढायला नव्हे, निवड करायला.

काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने २०१२ साली 'नूरी' ही पश्मिना शेळी क्लोन करून दाखवली आहे. म्हणजे शेळीचे क्लोनिंग आपल्या देशात होऊन गेले. उद्या हे तंत्र उस्मानाबादीपर्यंत येईल. तेव्हा कोणती शेळी निवडाल? प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, खुराकावर पोसलेली सर्वांत वजनदार शेळी? की दुष्काळात गाभ न टाकता दोन करडे जगवणारी बांधावरची शेळी? पहिली ठेकेदाराला शोभते, दुसरी भूमिहीनाला जगवते. आणि कळपातल्या प्रत्येक शेळीत थोडा थोडा फरक आहे, म्हणूनच पीपीआरची साथ आली तरी सगळा कळप एकदम बसत नाही. तो फरक हेच गरिबाचे विमापत्र आहे.

विज्ञान गरिबाच्या झोपडीपर्यंत जाऊ शकत नाही असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते करून दाखवले आहे. सुंदरबनच्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीत जुळे देणारा एक जनुक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने त्यांनी तो जनुक ओळखून, साध्या संकराने दख्खनी मेंढीत आणला आणि धनगरांच्या चालत्या कळपांत तपासून पाहिला. तिथेही प्रयोगशाळा होतीच, डीएनए तपासणी होतीच. फरक एवढाच की प्रश्न मेंढपाळाचा होता आणि उत्तर त्याच्याच कळपात तपासले गेले. आम्हाला असे विज्ञान हवे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. जनतेच्या पैशावर होणाऱ्या प्रत्येक क्लोनिंग प्रकल्पाने किती बीजांडे घेतली, किती माद्यांत भ्रूण सोडले, किती गाभ पडले, किती पिल्ले आणि किती माद्या दगावल्या, हा हिशोब यशाच्या बातमीबरोबरच जाहीर करावा.

२. कोणत्या जातीचे, कोणत्या गुणांसाठी जतन करायचे हे ठरवणाऱ्या समित्यांवर शेळी-मेंढी राखणाऱ्या बाया आणि भूमिहीन यांना जागा हवी.

३. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे आपल्याच तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे प्रक्षेत्र आहे. तिथून पारखलेले, एकमेकांशी नाते नसलेले उस्मानाबादी बोकड गावोगाव मिळावेत आणि गावात बोकड आलटून-पालटून फिरवले जावेत. क्लोनपेक्षा कमी खर्चात याने जास्त घरांचा फायदा होईल.

४. पेशी गोठवून जतन करायच्याच असतील तर एका 'उत्तम' जनावराच्या नकोत. परंड्यापासून उमरग्यापर्यंत वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवरच्या अनेक शेळ्यांच्या ठेवा. विविधतेची ठेव हीच खरी ठेव.

५. गायरान वाचवा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासी भूमिहीनांची जमीन नावावर करा, आणि उरलेले चराऊ रान ठेकेदाराला आणि सौर कंपन्यांना देण्याआधी तिथे चरणाऱ्या शेळ्या मोजा. २०२२ च्या न्यायालयीन आदेशानंतर नोटिसा आल्या त्या झोपडीला. दहा शेळ्या आणि एक बोकड देणाऱ्या योजनेत अनुसूचित जातींना ७५ टक्के अनुदान आहे, चांगले आहे. पण शेळी दिली आणि रान काढून घेतले, तर ती शेळी चरणार कुठे? कागदावर?

क्लोनिंगने जनावर बनवता येईल, पण त्याला लागणारे रान, पाणी, लस आणि डॉक्टर क्लोन करता येत नाहीत. त्यासाठी सरकारशी भांडावेच लागते. कर्नालच्या प्रयोगशाळेत काय चालते ते आपल्या पोरापोरींनी जरूर शिकावे, पशुवैद्यक व्हावे, तिथे शास्त्रज्ञ म्हणून बसावे. पण तिथे बसल्यावर एक प्रश्न विचारत राहावा, की या टेबलावर काळी शेळी कधी येणार, आणि ती कोणाला विचारून निवडणार?

जय भीम! जय संविधान!